‘फोटो काढा, एआय वाचेल’ म्हणणाऱ्यांनी डबा फिरवून बघितलाय का?

तासगाव भागातल्या द्राक्षवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘कुठल्याही भाषेतल्या मजकुराचा फोटो काढा. कोणतंही एआय अॅप त्याचं शंभर टक्के अचूक मराठी करतं. औषधाचं लेबल, मोडी कागद, सगळं. दुकानदाराला विचारायची गरज नाही. फोटो फोनबाहेर जात नाही.’ आमच्या काकांनी तो मला पाठवला, सोबत कर्नाटकातल्या अथणीहून आणलेल्या बुरशीनाशकाच्या डब्याचा फोटो आणि एआयनं सांगितलेली मात्रा! म्हणून लिहितोय.

लेबलाचंच आधी बघू. त्यावर मात्रेचा तक्ता असतो: पीक, रोग, हेक्टरी सक्रिय घटक (औषधातलं मूळ रसायन), हेक्टरी तयार औषध (डब्यातलं मिश्रण), पाणी, शेवटची फवारणी ते काढणी किती दिवस. सक्रिय घटक आणि तयार औषध हे दोन आकडे शेजारीशेजारी. डबा गोल, कागद चकचकीत, अक्षर मुंगीएवढं. अशा फोटोत रकाने सरकतात, दशांश चिन्ह उडतं आणि 0.5 चे 5 होतात. चॅटबॉटचं त्याहून वाईट. न दिसलेला आकडा तो कोरा सोडेलच असं नाही, शोभेलसा भरूनही देतो, तेही इतक्या सफाईनं की शंका येऊ नये. हेक्टरचं एकर करताना काय भागलं, कोण तपासणार? निर्यातीच्या बागेत दिवसांचा रकाना चुकला तर रेसिड्यूच्या, म्हणजे फळात उरलेल्या औषधाच्या, तपासणीत अख्खा प्लॉट अडकतो.

आणि मुळात भाषांतर कशाला हवंय? कीटकनाशक नियम, 1971 प्रमाणे लेबल हिंदी, इंग्रजी आणि माल जिथं विकला जातो तिथल्या एकदोन भाषांत छापावं लागतं. बुरशीनाशकंही त्यातच आली. काकांनी नेमकी कन्नड बाजू टिपली. डबा फिरवला असता तर देवनागरीत हिंदी होतंच. विषारीपणाचा त्रिकोण तर रंगावरून कळतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा.

‘कोणतंही अॅप’ हेही चूक. आकडे असतील तर मूळ मजकूर वेगळा दाखवणारं साधन घ्या, गूगल लेन्ससारखं. चॅटबॉटच वापरायचा तर आधी मूळ अक्षरं जशीच्या तशी लिहून मागा, न दिसणारी जागा मोकळी ठेवायला सांगा, मग भाषांतर. नंतर प्रत्येक आकडा डब्याशी ताडून बघा.

मोडीचं म्हणाल तर तिला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंचात, जागाच मिळाली 2014 साली; मग एआय ती कितीशी शिकलं असणार? घाईच्या हस्ताक्षरातला जमिनीचा कागद असेल तर सरळ मोडी जाणकाराकडे जा.

फोटो फोनबाहेर जात नाही म्हणे. नेट बंद करून विचारा, बहुतेक चॅटबॉट गप्प होतील. आधारकार्डाचे फोटो टाकणाऱ्यांनी तरी हे करून बघावं.

एक मात्र कबूल करतो. मिरज स्टँडवर कर्नाटकच्या बसची कन्नड पाटी किंवा अथणीच्या हॉटेलातला मेनू वाचायला ही अॅप झकास आहेत, मीही वापरतो. तिथं चुकलं तर फार तर विजापूरऐवजी जमखंडीला उतराल.