‘गाडी कधी सुरू होते, कधी नाही? बॅटरी बदला’ : फिरत्या मेसेजची उलटतपासणी

नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) जवळ आला की नागपुरातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. त्यात पाच सल्ले असतात. गाडी अधूनमधून सुरू होत नसेल तर बॅटरी गेली, लगेच बदला. बॅटरी नवी असेल तर उन्हाने पेट्रोलची वाफ झाली, पाइपवर ओलं फडकं टाका. तरी नाही झाली तर सेल्फला (इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टर मोटरला) हातोडी मारा. डायनॅमो (चालू गाडीत बॅटरी भरणारं यंत्र) बघायचा असेल तर चालू गाडीत बॅटरीची वायर काढा. गाडी बंद पडली नाही तर डायनॅमो ठीक. आणि धक्का मारून सुरू झाली तर काळजी करू नका.

मुळात ‘गाडी सुरू होत नाही’ या एका वाक्यात दोन तक्रारी आहेत. सेल्फच फिरत नाही, ही एक. सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, ही दुसरी. दोन्हींचे रस्ते पहिल्याच वळणावर फुटतात. मेसेज लिहिणाऱ्याने हा प्रश्नच विचारलेला नाही.

‘बॅटरी गेली, बदला.’ उन्हाने बॅटरी खराब होते, हे खरं. उष्णतेत प्लेटांची झीज वाढते, पाणी उडतं. पण मे महिन्यात मार खाल्लेली बॅटरी पुष्कळदा मान टाकते ती डिसेंबरच्या पहाटे, तेल घट्ट आणि सेल्फवर भार जास्त असताना. सकाळी घरून झटक्यात सुरू झालेली गाडी दुपारी सीताबर्डीत वीस मिनिटं उभी राहिल्यावर रुसते आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते, तेव्हा संशय आधी दुसरीकडे जायला हवा. संपलेली बॅटरी उभ्या-उभ्या भरत नाही.

अंदाजाऐवजी मीटर लावा. साधा मल्टीमीटर, २० व्होल्ट डीसीवर. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे आधी चार्ज करा, मग बोला. हा आकडा मात्र निम्मीच गोष्ट सांगतो. सेल्फ मारताना व्होल्टेज किती पडतं ते बघायचं. ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरी चार्ज करून लोड टेस्ट, म्हणजे भार टाकून तपासणी, करून घ्या.

आता खरी मेख. किल्ली फिरवली, एकच ‘टक्’ झालं, सेल्फ फिरला नाही, आणि बॅटरीच्या खांबांवर मीटर ११.९ दाखवतोय. म्हणजे बॅटरीतून मोठा करंट जातच नाहीये. मोठा करंट गेला असता तर व्होल्टेज बरंच पडलं असतं. अशा वेळी नवी बॅटरी टाकूनही तेच ‘टक्’ ऐकू येणार. उलट ‘टक-टक-टक-टक’ अशी माळ लागली आणि दिवे मंदावले तर व्होल्टेज कमी पडतंय: बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल सैल.

‘टक्’ एकच असेल तर दोन मापं घ्या. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, किल्लीवर दुसरा माणूस. मीटरचं लाल टोक बॅटरीच्या प्लसच्या खांबावर, वायरच्या क्लॅम्पवर नव्हे, प्रत्यक्ष शिशाच्या खांबावर. काळं टोक सेल्फच्या जाड बोल्टवर. तीन-चार सेकंद सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर वायर किंवा क्लॅम्प व्होल्टेज खातोय. मग एक टोक मायनसच्या खांबावर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. इथे ०.२ पेक्षा जास्त नको. जास्त असेल तर अर्थिंगची वेणी गंजलेली किंवा तिचा बोल्ट सैल. क्लॅम्पवर पांढरी-निळी पूड दिसली तर ग्लासभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून धुवा. मायनस आधी काढायचा, शेवटी लावायचा.

दोन्ही मापं शाबूत आली तर सेल्फच्या बारीक वायरवर बघा. किल्ली फिरवल्यावर तिथे ९-१० व्होल्टसुद्धा येत नसतील तर दोष रिलेचा (सेल्फला वीज सोडणारा छोटा स्विच), किल्लीच्या स्विचचा किंवा क्लचच्या स्विचचा. तिथे पूर्ण व्होल्टेज येऊनही नुसतं ‘टक्’ होत असेल तर सोलेनॉइडचे (सेल्फवरच्या चुंबकी स्विचचे) तांब्याचे कॉन्टॅक्ट जळालेत किंवा सेल्फच्या आतले कार्बन ब्रश झिजलेत. उन्हाचा संबंध इथे आहे. गाडी बंद केली की पंखा आणि वारा दोन्ही थांबतात आणि बॉनेटखालचं तापमान थोडा वेळ उलट वाढतं. तांब्याचा रेझिस्टन्स दर १० अंशांना सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो. ६० अंशांनी तापलेल्या सोलेनॉइडच्या कॉइलमधला करंट जवळपास पाचव्या हिश्श्याने घटतो आणि ती कमजोर ओढते. रिलेचा कॉन्टॅक्ट आधीच अर्धामुर्धा असेल तर तेवढं पुरतं. गाडी थंड झाली की सगळं ठीक, आणि गॅरेजवाल्यासमोर तर हमखास ठीक.

‘पेट्रोलची वाफ झाली, ओलं फडकं टाका.’ कार्बोरेटरच्या गाड्यांत पंप इंजिनवर बसलेला असे, तेव्हा हा इलाज चालायचा. आजच्या पेट्रोल गाडीत पंप टाकीच्या आत, पेट्रोलमध्येच बुडालेला असतो आणि बहुतेक गाड्यांत ३ ते ४ बारचा दाब ठेवतो. त्या दाबाखाली वाफ सहजी होत नाही. बंद गाडीत तो दाब उतरत असेल, म्हणजे पंपाचा चेक व्हॉल्व्ह किंवा एखादा इंजेक्टर गळत असेल, तरच गरम इंजिनला जास्त सेल्फ मारावा लागतो. तपासणी फुकटची आहे: किल्ली ‘ऑन’ करा, दोन सेकंद मागून पंपाची घरघर ऐका, बंद करा, असं तीनदा करून मग सेल्फ मारा. लगेच पकडली तर दोष दाबाचा. घरघरच आली नाही तर पंपाचा फ्यूज, रिले, कनेक्टर बघा.

घरघर आहे, सेल्फ दणकून फिरतो, तरी गरम असताना पकडत नाही? मग क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिन फिरतंय का हे संगणकाला सांगणारा सेन्सर. तापल्यावर त्याची आतली वायर तुटते, थंड झाल्यावर पुन्हा जुळते. सेल्फ मारताना स्कॅनरवर (गाडीच्या संगणकाला जोडायचं तपासणी यंत्र) आरपीएम बघा: २०० च्या आसपास यायला हवा, शून्य असेल तर चोर तोच किंवा त्याची वायर. या सेन्सरच्या दोषाचा पी ०३३५ हा कोड आला तर उत्तमच, पण न आल्याने सेन्सर निर्दोष ठरत नाही. कूलंटचा सेन्सरही खोटं बोलतो. इंजिन तापलेलं असताना ‘थंड आहे’ सांगितलं की इंजिनात पेट्रोल जास्त ओतलं जातं. सेन्सर कसा फसवतो हे नागपूरकरांना सांगायला नको: मे २०२४ मध्ये इथल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते, आणि हवामान खात्याने तो सेन्सरचा दोष ठरवला.

‘सेल्फला हातोडी मारा.’ मारल्यावर चालला तर कार्बन झिजलाय एवढं कळलं. हा इलाज नाही, निदान आहे, आणि तेही लाकडी दांड्याने हलक्या हाताने करायचं. पुष्कळ छोट्या गाड्यांच्या सेल्फमध्ये चुंबक असतात. लोखंडी घणाने ते तडकतात आणि कार्बनचं काम सेल्फ बदलण्यावर जातं.

‘चालू गाडीत बॅटरीची वायर काढा.’ हे अजिबात करू नका. सल्ला जुन्या डायनॅमोच्या काळातला आहे; आजच्या गाडीत त्याच्या जागी अल्टरनेटर असतो. अल्टरनेटरचा भार अचानक सुटला की क्षणभर ४० व्होल्टच्या वर झटका बसू शकतो, आणि मधली बॅटरी काढून घेतल्याने तो थेट ईसीयूवर, म्हणजे इंजिनच्या संगणकावर, जातो. अल्टरनेटर तपासायला वायर काढायची गरजच काय? गाडी चालू, हेडलाइट आणि एसी चालू, खांबांवर मीटर. १३.८ ते १४.५ आले तर चार्जिंग होतंय. नव्या गाड्यांत संगणक मुद्दाम चार्जिंग कमी-जास्त करतो, तेव्हा आकडा थोडा इकडेतिकडे झाला तरी घाबरू नका.

‘धक्का मारून सुरू झाली म्हणजे ठीक.’ धक्क्याने सुरू झाली याचा अर्थ पेट्रोल आणि स्पार्क दोन्ही आहेत, दोष बॅटरी ते सेल्फ या रस्त्यावर आहे. काळजी संपली नाही, पत्ता सापडला. मात्र सेल्फ फिरूनही जी गाडी पकडत नाही तिला धक्का मारू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणारा भाग) जाऊन तो खराब होतो. किल्लीचा दिवा लुकलुकत असेल तर इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) किल्ली ओळखत नाहीये. तिथे धक्का वाया, दुसरी किल्ली लावून बघा. ऑटोमॅटिक गाडीला धक्का लागूच पडत नाही. आणि रोज उतारावर गाडी लावून भागवायचं म्हटलं, तर सेमिनरी हिल्स सोडून नागपुरात तेवढा उतार तरी कुठे आहे?