सीमारेषेला लांबी

व्हॅक्यूम-फॉर्म किट ज्याने पहिल्यांदा विकायला काढलं, त्याला माणसाच्या स्वभावाची फार चांगली जाण असावी. नेहमीच्या प्लॅस्टिकच्या किटमध्ये चौकटीला लटकलेले भाग असतात. तोडा, चिकटवा, रंगवा आणि पाहुण्यांना दाखवा. इथे तसलं काही नाही. पॉलिस्टायरिनची मिलिमीटरभर जाडीची शीट तापवून साच्यावर टाकायची आणि खालून हवा ओढायची, की शीट साच्याला घट्ट बिलगते. गार झाली की पिशवीत घालायची, सोबत एक झेरॉक्स नकाशा. झालं किट! माझ्या वाट्याला आलेली पांढरी शीट उलट्या अप्पेपात्रासारखी दिसत होती. त्यातलं लांबट टेंगूळ म्हणजे अर्धं विमान, चपटं म्हणजे पंख, आणि बाकीची टेंगळं कशाची हे नकाशालाही ठाऊक नव्हतं. चाकं, वैमानिकाची खुर्ची यांची नुसती चित्रं काढलेली होती. म्हणजे ती आपली आपण करून घ्यायची.

बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या हवाई दलाच्या तळावरून बदली होऊन निघालेल्या एका गृहस्थांनी सामान बांधताना ही पिशवी माझ्या हातात ठेवली. "तुम्हाला आवड आहे म्हणून," असं म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव होता, तो मी बदलीच्या खात्यावर मांडला.

विमान होतं एचएफ-२४ मरुत, आपल्याकडे घडलेलं पहिलं लढाऊ जेट. त्याचे कर्ते कर्ट टँक. दुसऱ्या महायुद्धातलं जर्मनांचं फॉक-वुल्फ १९० यांनीच केलेलं. हे टँकसाहेब १९५६ साली बेंगळूरला आले, आणि त्याच साली १ नोव्हेंबरला आमचं बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. एक आला, एक गेलं. १७ जून १९६१ला मरुत पहिल्यांदा उडालं. १९६७ साली ते हवाई दलाच्या तुकडीत दाखल झालं आणि आमच्या सीमावादावरचा महाजन आयोगाचा अहवालही त्याच साली दाखल झाला. विमान १९७१च्या लढाईत लढलं, पुढे निवृत्त झालं, संग्रहालयाच्या आवारात उभंही राहिलं. अहवाल मात्र अजून सेवेत आहे.

तर या किटचं खरं काम म्हणजे घासणं. आधी टेंगळाच्या कडेनं पेन्सिलीची रेघ मारायची. मग त्या रेघेवरून पातं हलकं ओढायचं आणि शीट वाकवून भाग मोडून घ्यायचा. मोडला की त्याच्या बुडाला शीटची जाडी चिकटून आलेली असते. ती सगळी घासून काढल्याशिवाय आतलं विमान मोकळं होत नाही. काचेवर वॉटर पेपर चिकटवायचा, भागाच्या पाठीला चिकटपट्टीची मूठ करायची आणि गोल गोल फिरवत राहायचं. कमी घासलं तर विमान लठ्ठ, जास्त घासलं तर किडकिडीत. पंखाची मागची कड तर कागदासारखी पातळ हवी, आणि ती आतून घासायची, म्हणजे आपण कुठवर आलो हे कळतं तेव्हा बोट पलीकडे निघालेलं असतं.

घासलं की पांढरी भुकटी उडते. ती आमच्या घरात टीव्हीवर, देव्हाऱ्यावर आणि ऐन पाडव्याच्या तोंडावर कुरड्यांवर बसली. आईनं बोट फिरवून बघितलं आणि हिला विचारलं, "चुना काढायला माणूस लावलाय काय गं?" पाण्यात भिजवून घासलं की भुकटी उडत नाही, असा शास्त्रीय तोडगा मी काढला आणि परात घेऊन न्हाणीघरात बसलो. रविवारी सकाळी बाहेरून कडी वाजली. "अहो, आत विमान आहे का माणूस आहे?" ही विचारत होती. "माणूस असला तर बाहेर या, लेकराला अंघोळ घालायचीय."

न्हाणीघरातून मी व्हरांड्यात आलो आणि समोरच्या काकांच्या नजरेला पडलो. इथून पुढे हे काम माझं राहिलं नाही.

काकांची हयात उद्यमबागेत, म्हणजे आमच्या कारखान्यांच्या वसाहतीत, ओतकामाचे लाकडी नमुने, म्हणजे पॅटर्न करण्यात गेली. बेळगाव म्हटलं की बाहेरच्यांना कुंदा आठवतो, पण निम्मं गाव ओतकामावर जगतं, आणि ओतकामात पॅटर्नवाला म्हणजे देव. सागवानात तो जे कोरतो तेच पुढे लोखंडात उतरतं. काकांनी माझं अर्धं मरुत हातात घेतलं, उजेडात धरलं, कडेवरून नख फिरवलं.

"वरनं ओढलंय व्हय? मग कडा मरणारच की. बरं, अलाउन्स किती धरलाय?"

"काका, हे प्लॅस्टिक आहे."

"असंल. खरं अलाउन्स किती?"

त्यांनी खिशातून पट्टी काढली. मरुत खरं १५.८७ मीटर लांब, बहात्तर पटींनी लहान केलं की बावीस सेंटिमीटर. काकांनी मोजलं आणि मान हलवली. "दोन मिलिमीटर कमी भरालंय गा." मी रात्री नकाशा काढून सगळी मापं पुन्हा ताडली. बरोबर होती. दुसऱ्या दिवशी पट्टीचा उलगडा झाला. ओतीव लोखंड गार होताना शेकडा एकाच्या आसपास आकसतं. त्यासाठी आधीच जास्त धरायचं माप म्हणजे अलाउन्स, म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टीच तेवढी मोठी असते. निवृत्तीनंतरही काका जगातली प्रत्येक वस्तू त्याच पट्टीनं मोजतात, आणि त्यांच्या हिशेबी जग थोडं कमीच भरतं.

पण मरुतची जन्मकथा सांगितल्यावर ते विरघळले. जेट उडवण्याआधी त्याच आकाराचा, पूर्ण मापाचा लाकडी ग्लायडर बेंगळूरला केला होता आणि १९५९ साली डाकोटा विमानाच्या मागे बांधून उडवला होता. काका खुर्चीतून उठलेच. "म्हणजे आधी लाकडात काढलं, मग धातूत! मग असं सांग की लेका. पॅटर्नच की हा!" जर्मन टँकसाहेब त्या क्षणी उद्यमबागेच्या बिरादरीत दाखल झाले. पुढे या विमानाला हवं तसं दमदार इंजिन मिळालंच नाही, दोन ऑर्फियस इंजिनांवर भागवावं लागलं, हे ऐकून तर काका हळहळले. "चांगल्या पॅटर्नला भट्टी वाईट मिळाली."

दोन अर्धुकं जोडायची वेळ आली. नेहमीच्या किटमध्ये जोडायला खुंट्या असतात, इथे उरलेल्या शीटच्या पट्ट्या कापून आतून चिकटवाव्या लागतात. ते काकांनी केलं. मधोमध नाकापासून शेपटीपर्यंत फट राहिली. ती बुजवायला गाड्यांना लावतात ती लांबी, म्हणजे पुट्टी, आणायला मी खडेबाजारात गेलो. दुकानदारानं मान वर न करता विचारलं, "कार का टू-व्हीलर?"

"विमान."

"वरनं रंग साधा मारणार का मेटॅलिक?"

मेटॅलिक म्हटल्यावर त्यानं जरा भारीतली दिली. माणूस धंद्यात असा हवा.

लांबी भरली, वाळवली, घासली. रंगाचा पहिला हात दिला की फट पुन्हा दिसायची. पुन्हा भरली, पुन्हा घासली. घरी येणारा प्रत्येकजण तिथेच बोट ठेवायचा. "हितं जोडलंय काय?" जोडलेलं दिसू नये म्हणूनच तर हा सगळा खटाटोप! शेवटी काकाच म्हणाले, "आपल्या भागात सीमारेषा लांबीनं बुजत असती तर खडेबाजारात एक डबा शिल्लक राहिला नसता."

वैमानिकाच्या डोक्यावरची काच पिवळी पडून तडकली होती. काकांनी तिचा सागवानी साचा केला. फरसाणाच्या पत्र्याच्या डब्याला झाकणावर भोकं पाडली, कुशीला घरातला व्हॅक्यूम क्लीनर जोडला. पाण्याच्या बाटलीचं पारदर्शक प्लॅस्टिक चौकटीत ताणून गॅसवर धरलं. मधे झोळ पडला की झटक्यात साच्यावर दाबायचं आणि बटण लावायचं. क्षणभर उशीर झाला तर ते ताठ होतं. झोळ पडला. काका ओरडले, "दाब!" मी दाबलं. हिनं बटण लावलं आणि लाईट गेली.

लाईट आल्यावर दुसऱ्या बाटलीची जमली. सुरकुती नाही, पांढुरका डाग नाही. काकांनी ती काच चष्मा काढून पाहिली, चष्मा घालून पाहिली.

"ह्यात एकच माणूस बसतोय?"

"शिकवायला दोन सीटचंही होतं," मी बोलून गेलो. "पण त्याचं किट काही माझ्याकडे नाही."

"किट कशाला पायजे गा?" काका म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्याही आधी, सागवानाचा हातभर ठोकळा काखेत मारून आमच्या दारात उभे. आईनं त्यांना आत घेतलं, ठोकळ्याकडे बघितलं, आणि न बोलता कुरड्यांचा डबा उचलून माळ्यावर ठेवला.