शुद्धीवर कधी आलीस?

सकाळपासून डोकं तापलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. घाईत असलेल्यांनी आत्ताच पुढे सरकावं.

आज अकरा वाजता माझ्या पुतणीची ऑनलाइन मुलाखत होती. कंपनीचं नाव सांगत नाही, नोकरी अजून मिळायची आहे. पोरगी हुशार. तालुक्याच्या गावी राहून इंजिनियरिंग केलं, चार रात्री जागून तयारी केली. पहिला प्रश्न नेहमीचाच, स्वतःबद्दल सांग. ती म्हणाली, 'आय पास्ड आउट इन २०२३.' पलीकडचे तिघे हसले. त्यातला एक, आडनावावरून आपल्यातलाच, इंग्रजीत म्हणाला, 'अरेरे! मग शुद्धीवर कधी आलीस?' पुन्हा हशा. (हिला म्हणायचं होतं, शिकून बाहेर पडले; त्यांनी घेतला दुसरा अर्थ, बेशुद्ध पडले.) तीही हसली. काय करणार बिचारी? पुढची वीस मिनिटं तिला स्वतःच्या प्रोजेक्टचं नाव धड सांगता आलं नाही.

मला फोन केला तेव्हा रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, 'आत्या, तू इंग्रजी शिकवतेस ना? मग हे चुकीचं आहे ते आम्हाला कुणी सांगितलं का नाही?'

अगं, चुकीचं नाहीये! तेच सांगायला बसलेय.

हिचा बाप, म्हणजे माझा चुलतभाऊ, पोलिसात. त्याचे वडील लवकर गेले, अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी त्याला वाढवलं. अण्णा कचेरीत शिपाई. १९८९ साली दादाचं ट्रेनिंग संपलं आणि घरी पोस्टाने एक कार्ड आलं. जाड, गुळगुळीत, सोनेरी कडा असलेलं. आमच्या घरात तोवर असलं कार्ड आलेलं नव्हतं, लग्नाच्या पत्रिकासुद्धा पिवळ्या कागदाच्या यायच्या. वर मराठीत 'दीक्षांत संचलन समारंभ' आणि खाली इंग्रजीत 'पासिंग आउट परेड'. अण्णांचं इंग्रजी सातवीपर्यंतचं. बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. मी दहा वर्षांची, विचारलं, म्हणजे काय? म्हणाले, 'पास होऊन बाहेर.'

बावीस वर्षं इंग्रजी शिकवतेय. याहून चांगली व्याख्या मला अजून कुठल्या कोशात सापडलेली नाही.

आता त्या हसणाऱ्या तिघांसाठी. पास हा शब्द मुळात लॅटिनमधल्या पावलाचा आहे, फ्रेंचमधून इंग्रजीत आला. पास आउट म्हणजे आधी नुसतं बाहेर पडणं. दारातून, गावातून, कुठूनही. मग १९व्या शतकात लष्करी शाळांनी हा शब्द आपलासा केला. शेवटची परीक्षा दिली, नंबर लागला, अमुक मुलगा वूलिचमधून पास आउट झाला, तमुक सँडहर्स्टमधून. ईस्ट इंडिया कंपनीची स्वतःची लष्करी शाळा होती लंडनजवळ अ‍ॅडिस्कोंबला, १८०९ ते १८६१. तिथून वरच्या नंबराने निघालेले इंजिनियर व्हायचे, त्याखालचे तोफखान्यात आणि उरलेले पायदळात. हीच मंडळी बोटीत बसून आपल्याकडे यायची. पूल, कालवे, रस्ते यांच्या हाताखाली झाले. पुण्यात १८५४ ला इंजिनियरिंगचा वर्ग निघाला तोही सरकारी बांधकामांना हाताखालची माणसं हवी होती म्हणून. त्या साहेबांच्या तोंडातून हा शब्द आपल्या कॉलेजांत उतरला असणार, असा माझा आपला तर्क. पुरावा मागू नका, फेसबुक आहे हे.

आणि चर्चिल! आपल्याबद्दल ज्याला कधी बरा शब्द सुचला नाही तो चर्चिल. तिसऱ्या खेपेला प्रवेशपरीक्षा निघाली तेव्हा कुठे सँडहर्स्टात शिरला, १८९४ च्या डिसेंबरात बाहेर पडला. १९३० च्या आत्मचरित्रात स्वतः लिहितो की मी सँडहर्स्टमधून 'पास आउट' होऊन जगात आलो. त्याला विचारा की, शुद्धीवर कधी आलास! (हाच गृहस्थ १८९६ ला मुंबईत ससून डॉकवर उतरताना हात निसटून खांदा निखळवून बसला, तो खांदा जन्मभर त्रास देत राहिला. विषयाला सोडून आहे, पण मला हे आठवलं की बरं वाटतं.)

मूर्च्छा येणे हा अर्थ छापील इंग्रजीत दिसायला लागतो १९१५ च्या सुमाराला, तोही आधी बोलीतला. म्हणजे जो अर्थ माहीत नाही म्हणून माझ्या पुतणीला हसलात तो तिच्या अर्थापेक्षा वयाने लहान आहे. नातवाने आजोबांना म्हणायचं की तुम्ही माझं नाव चोरलंत!

एवढ्यावरच थांबत नाही ते. अमेरिकेत वर्गात पेपर वाटले तरी पास आउट. पत्त्यांतल्या ब्रिजच्या डावात चौघांनीही पास म्हटलं तर तो डाव पास आउट. इंग्लंडात नाटकाच्या मध्यंतरात बाहेर जाणाऱ्याला परत आत येण्यासाठी जी चिठ्ठी मिळायची तिचंही नाव पास-आउट. एकाच शब्दाने इतके संसार केलेत.

आणि आपल्याला त्याचं नवल का वाटावं? आपलं 'खपणे' घ्या. माल खपला म्हणजे विकला गेला. म्हातारा खपला म्हणजे गेला. मला हे खपत नाही म्हणजे सहन होत नाही. आणि माझे अण्णा आमच्यासाठी जन्मभर खपले. कुणा परक्याने यातलं एक वाक्य ऐकून दुसऱ्या अर्थाने हसायचं ठरवलं तर आपण त्याला समजावून सांगू, की आपल्याच पोराला म्हणू की मराठी नीट शिक? आपण नारळ फोडत नाही, वाढवतो. दुकान बंद करत नाही, वाढवतो. हे ज्याला घरात शिकवावं लागलं नाही तो माणूस मुलाखतीत बसून एका मुलीला शुद्धीवर आणायला निघतो, याचा मला जास्त राग आहे. गोरा हसला असता तर मी एवढी चिडले नसते. खरंच नसते.

बरं, ते कार्ड. परेडच्या आदल्या रात्री अण्णांनी ते वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातलं, वर माझा फ्रॉक. पहाटेची एसटी धरली. केंद्र लांब होतं, दोनदा गाडी बदलावी लागली. जूनच्या तोंडचे दिवस, पाऊस अजून पडायचा होता. मैदानावर पोचलो तेव्हा नऊ वाजले असतील आणि उन्हाने डोळे उघडवत नव्हते. समोर शेकडो मुलगे, सगळ्यांची डोकी सारखी भादरलेली, सगळ्यांचे बूट सारखे चकचकीत. अण्णांना त्यात दादा सापडेना. 'आपला कुठला गं?' मला विचारत होते, मला तरी कुठे कळत होतं.

साहेबांचं भाषण चालू असताना मधल्या रांगेतला एक मुलगा सरळ पुढे कोसळला. काठी पडावी तसा. बाजूचा कुणी हलला नाही, हलायचं नसतंच. मागून दोघं आले, त्याला उचलून घेऊन गेले आणि रांग पुन्हा सरळ झाली. अण्णा उभे राहिले होते. माझा दंड एवढा घट्ट धरला होता की संध्याकाळपर्यंत वळ होता.

दादा नव्हता तो. पण ते कळायला अर्धा तास गेला.

आज दुपारी हे आठवलं आणि मी एकटीच स्वयंपाकघरात हसले. त्या पोराने एकाच सकाळी दोन्ही केलं की! पासिंग आउट परेडमध्ये पास आउट. कुठल्या भाषाशास्त्रज्ञाने दोन अर्थ इतके जवळजवळ उभे करून दाखवले असतील?

हसले खरी, मग जरा गप्प झाले. कारण एक गोष्ट लिहायची टाळतेय मघापासून.

मी स्वतः हे खोडलंय. बावीस वर्षं. मुलं निबंधात लिहितात, 'माय ब्रदर पास्ड आउट', आणि माझं लाल पेन चालतं. एकदा तर वर्गात मीसुद्धा बेशुद्ध पडल्याची नक्कल करून दाखवली होती. अख्खा वर्ग हसला होता. एक मुलगा हसला नव्हता, तो मान खाली घालून बसला होता, कारण वाक्य त्याचं होतं. मग त्या तिघांत आणि माझ्यात फरक काय? त्यांना पगार जास्त, एवढाच.

मला कुणी सांगितलं होतं की ते चूक आहे? माझ्या बाईंनी. त्यांना त्यांच्या सरांनी. कुणीही कोश उघडला नाही. 'इंडियन इंग्लिश' असा शिक्का मारला की झालं, जसा सरकारी कागदावर 'नामंजूर'.

आता थोडं मान्य करते, नाहीतर कमेंटमध्ये येऊन सांगालच. इंग्रज माणूस साध्या पदवीसाठी असं म्हणत नाही, लष्कर, पोलीस, अग्निशमन यांच्यापुरतंच म्हणतो. आपण ते ओढून बारावी, आयटीआय, एमबीए सगळ्याला लावलं. मान्य. अमेरिकेत कुणाशी बोलताना गोंधळ होईल, तेही मान्य. आणि 'कोप विथ'च्या जागी 'कोप अप विथ' हे चुकीचंच आहे, ते मी मरेपर्यंत खोडणार, त्यात दयामाया नाही.

पण सगळ्याला लावलं तेही उगाच नाही असं मला वाटायला लागलंय. ज्या घरात शिकून बाहेर पडणारा पहिलाच असतो ना, तिथे ती परेडच असते. बँड नसतो इतकंच. डेहराडूनच्या लष्करी अकादमीत परेडच्या शेवटी जी रेघ ओलांडतात तिला 'अंतिम पग' म्हणतात. शेवटचं पाऊल. पास म्हणजे मुळात पाऊल, हे वर सांगितलंच. ज्याने कुणी हे हिंदी नाव ठेवलं त्याने लॅटिन बघितलं असेल-नसेल, पण बरोबर जागी पोचला तो.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या ३० मे रोजी, खडकवासल्याला एनडीएतून, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. १७ जणी, तीनशेहून जास्त कॅडेट्समध्ये. मी टीव्हीसमोर बसून रडत होते आणि पुतणी शेजारी बसून माझे व्हिडिओ काढत होती. खाली पट्टीवर काय लिहिलं होतं? पासिंग आउट परेड. तेव्हा नाही कुणी विचारलं त्यांना, पोरींनो, शुद्धीवर कधी येणार?

(मध्ये उठले होते. पुतणीचाच फोन. पुढच्या फेरीला बोलावलंय! म्हणजे प्रोजेक्टचं नाव विसरूनही बोलावलंय. 'आत्या, सीव्हीत पण तसंच लिहिलंय, बदलू का?' मी म्हटलं, बदल. 'ग्रॅज्युएटेड' लिही. हो, मीच म्हटलं. वर एवढं लिहून. नोकरी तिला हवी आहे, भांडण माझं आहे. माझ्या भांडणाचा हप्ता तिने का भरायचा? यावर मला कुणी काही बोलू नका, मी आधीच स्वतःला बोललेय.)

सोमवारी वर्गात मात्र माझं लाल पेन त्या शब्दावर थांबणार आहे. त्या जुन्या मुलाला कुठून शोधू, ते कळत नाही.

परेडचं राहिलं. परेड संपल्यावर तंबूत चहा होता. दादा आला, अण्णांच्या पाया पडला, अण्णांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि अभिनंदन वगैरे सगळं बाजूला ठेवून पहिलं काय विचारलं तर, 'तो पडलेला पोरगा कसा आहे?' दादा म्हणाला, बरा आहे, उन्हाने झालं, रिकाम्या पोटी उभा होता. अण्णांचं समाधान होईना. तिथे एक उस्ताद, म्हणजे ट्रेनिंग देणारे, उभे होते, झुपकेदार मिशा, मला तर भीतीच वाटत होती. आमचे अण्णा, जे कचेरीत साहेबांसमोर खुर्चीवर बसायचे नाहीत, ते सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. 'साहेब, त्याला पास धरणार ना?'

उस्ताद हसले. पण तसे नाही हसले. म्हणाले, 'धरणार की, बाबा. तो तर कधीच पास झालाय. आज फक्त बाहेर पडायचं होतं.'

मग अण्णांनी पिशवीतला लाडवांचा डबा उघडला, निम्मे लाडू कागदात काढले आणि दादाला म्हणाले, हे त्याला दे.

कार्ड आत्ता माझ्यासमोर आहे, अण्णांच्या ट्रंकेतलं. सोनेरी कड बरीचशी गेलीय. मागच्या कोऱ्या बाजूला त्यांनी पेन्सिलीने त्या दिवसाचा हिशोब मांडून ठेवलाय. पूर्ण तिकीट एक, अर्धं एक, जाऊन-येऊन. चहा. नारळ. आणि शेवटी, दुसऱ्या अक्षरात नाही, तसंच हिशोबातल्यासारखं: 'पोर पास आउट.'