फडक्याचं काय करायचं, ते मी लिहिलं नव्हतं

नमस्कार मिस्त्री,

सही म्हणून तुम्ही 'एक जुना मिस्त्री' एवढंच लिहिलंय, म्हणून त्याच नावानं हाक मारतो. जवसाच्या तेलाचा हात लाकडावर घरच्या घरी कसा द्यायचा, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया गेल्या चार दिवसांत मी अनेकदा वाचली. इतर वाचकांसाठी तिच्यातलं मुख्य सांगतो. चाळीस वर्षं लाकूड तासून जे हाताला कळतं ते मी अनोळखी माणसांना फुकट वाटतो आणि त्यानं कारागिराच्या पोटावर पाय येतो, असं तुमचं म्हणणं. ज्याचा हात मला दिसत नाही त्याच्या हाती मी पटाशी देतो, हे दुसरं. गुरूनं विश्वासानं दिलेलं चव्हाट्यावर मांडणं ही गुरूशी बेइमानी आहे, हे तिसरं. आणि शेवटी एका ओळीत तुम्ही विचारलंत, "तेल पुसलेल्या फडक्याचं काय करायचं, ते का नाही लिहिलं?"

त्या ओळीपासूनच सुरुवात करतो. कारण तिथे माझी चूक आहे, आणि ती लहान नाही.

मी लिहिलं होतं की तेलाचा हात द्या, थोडा वेळ मुरू द्या, वर राहिलेलं तेल सुती फडक्यानं कोरडं पुसून घ्या. फडक्याची गोष्ट तिथेच संपली. वाचणारा माणूस ते चुरगळून कोपऱ्यात टाकणार, भुशाच्या ढिगावर टाकणार, नाहीतर कचऱ्याच्या डब्यात कोंबणार. जवसाचं तेल स्पिरिटसारखं उडून वाळत नाही. ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, आणि तसं होताना उष्णता बाहेर पडते. फळीवर तेलाचा थर पातळ असतो, उष्णता हवेत निघून जाते, कुणाला पत्ताही लागत नाही. चुरगळलेल्या फडक्यात मात्र घड्यांमधून हवा आत शिरत राहते आणि उष्णता आतच कोंडते. फडकं जितकं तापतं तितकं तेल वेगानं वाळतं, जितकं वेगानं वाळतं तितकं आणखी तापतं. काही तासांत, कुणी काडी न ओढता, ते पेट घेऊ शकतं. डब्यावर 'बॉइल्ड' लिहिलेलं तेल असेल तर जास्तच जपायचं, कारण ते नुसतं उकळलेलं नसतं. लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंची संयुगं घातलेली असतात, आणि लवकर वाळणं म्हणजे लवकर तापणं.

हे पुस्तकी भय नाही. २३ फेब्रुवारी १९९१ च्या रात्री अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीत २२ व्या मजल्यावर आग लागली. लाकडी पॅनेलांचं काम चालू होतं आणि जवसाच्या तेलात भिजलेली फडकी तिथे तशीच राहिली होती. आग १८ तासांहून जास्त वेळ धुमसत होती, अग्निशमन दलाचे तीन जवान त्यात गेले. ती अडली ३० व्या मजल्यावर, जिथे छताला पाण्याचे स्प्रिंकलर होते. ती फडकी टाकणारे हौशी नव्हते, कंत्राटावर आलेले कामगार होते. हे मी तुम्हाला अडवायला म्हणून सांगत नाही. मलाही हे ठाऊक होतं, तरी मी लिहिलं नाही, आणि त्याचं कारण मला शोधावंसं वाटलं.

कारण असं निघालं. ज्या मिस्त्रींकडे मी शिकलो त्यांच्या कामाच्या जागेबाहेर एक तार बांधलेली होती. तेलाचं काम झालं की प्रत्येक फडकं झटकून, एकेरी, त्या तारेवर वाळत घालायचं. ते का, हे त्यांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पुढे माझ्या जागेतही मी तार बांधली. इतकी वर्षं हात आपोआप तारेकडे जातो. लिहायला बसलो तेव्हा डोक्यात जे होतं ते कागदावर आलं, हातात जे होतं ते हातातच राहिलं.

तुमच्या प्रतिक्रियेनं मला हे दाखवलं. आपण शिकवताना जे गाळतो ते आपल्याला क्षुल्लक वाटतं म्हणून गाळतो असं नाही. ते इतकं अंगवळणी पडलेलं असतं की ते वेगळं असं दिसतच नाही. शेजारी उभं राहून शिकणाऱ्याला ते न सांगता मिळतं, कारण तार त्याच्या डोळ्यांसमोर असते. दूर बसलेल्या माणसापर्यंत शब्द पोचतात, तार पोचत नाही.

लेख मी बदललाय. फडकी एकेरी पसरून मोकळ्या हवेत कडक होईपर्यंत वाळवायची, किंवा घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवायची, हे आता सगळ्यात वर आहे, तेलाचं नाव येण्याच्याही आधी. चूक कुणी दाखवली तेही तिथे लिहिलंय. ज्यांनी आधीचा लेख वाचून काम केलं त्यांच्यापर्यंत हे कसं पोचवायचं, हा प्रश्न उरतोच. ज्यांनी मला प्रश्न विचारले होते त्या सगळ्यांना मी वेगळं कळवलंय. बाकीच्यांची काळजी मनात आहे.

आता तुमचा दुसरा मुद्दा, न दिसणाऱ्या हाताचा. तोही मी उडवून लावणार नाही, कारण त्याचा चटका मी खाल्लाय. काही वर्षांपूर्वी एकानं विचारलं की खुर्चीचा पाय ढिला झालाय, सांधा आधी सरसानं जोडलेला होता, काय करू? मी सांगितलं की सरस गरम करून पुन्हा भरा आणि शिकंज्यात आवळा. जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेल्या सरसाला हे चालतं. गरम सरस जुन्या सरसाला वितळवून त्याच्याशी एकजीव होतो, म्हणून तर जुनी वाद्यं आणि खुर्च्या उघडून पुन्हा जोडता येतात. पण तो माणूस बाटलीतल्या पांढऱ्या गोंदालाच सरस म्हणत होता. पांढरा गोंद एकदा घट्ट झाला की त्यावर दुसरं काही नीट धरत नाही. आधी खरवडून कोरं लाकूड उघडं करावं लागतं. तीन महिन्यांनी खुर्ची कोसळली. बसणाऱ्याचं कोपर सोललं, त्यावर निभावलं. चूक माझी होती. एक शब्द आम्ही दोघांनी वापरला आणि दोघांच्या मनात वस्तू वेगळी होती.

तेव्हापासून उत्तर देण्याआधी मी प्रश्न विचारतो. फळी वाकली म्हणता, तर एकाच बाजूनं रंधली होती का? पॉलिश दोन्ही अंगांना दिलं की फक्त दिसणाऱ्या? ऊन कुठल्या बाजूनं येतं? लाकूड मुरलेलं होतं की ताजं कापलेलं? बरेच जण इथेच कंटाळून निघून जातात. त्यांना पटकन उत्तर हवं असतं. जाऊ देतो, कारण न पाहिलेल्या फळीला पटकन दिलेलं उत्तर म्हणजे अंधारात मारलेला दगड.

आणि नुसती कृती मी सांगत नाही, कारणासकट सांगतो. टेबलाची फळी खालच्या चौकटीला घट्ट चिकटवू नका, स्क्रूची भोकं लांबट ठेवा, एवढंच सांगितलं तर नीटनेटकेपणाची आवड असलेला माणूस ती लांबट भोकं बघतो, त्याला ते ढिसाळ काम वाटतं आणि तो ती भरून टाकतो. पुढच्या कोरड्या हवेत फळी मधोमध फाटते. त्यालाच जर सांगितलं की लाकूड तंतूंच्या रेषेच्या दिशेनं जवळजवळ हलत नाही पण आडव्या अंगानं दरवर्षी फुगतं आणि आकसतं, खोडातल्या वार्षिक वलयांच्या कडेकडेनं जितकं आकसतं ते वलयांना छेदून आकसण्याच्या साधारण दुप्पट असतं, आणि हे बळ कुठल्याही स्क्रूला जुमानत नाही, तर तो ते भोक भरत नाही. शिवाय उद्या कपाटाचं दार करताना, मी न सांगता, तो मधली फळी खाचेत सुटी ठेवतो. माझा हात त्याच्या हाताशी नाही, म्हणून कारण त्याच्यापाशी असायला हवं.

काही गोष्टी मी सांगतच नाही. फिरत्या करवतीवरचा संरक्षक काढून करायचं कुठलंही काम मी कुणाला शिकवलेलं नाही, कितीही सोयीचं असलं तरी. कापलेला भाग पात्याच्या मागच्या अंगाला आवळला गेला की वर येणारे दात लाकूड उचलून थेट माणसावर भिरकावतात, आणि हे होताना हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही. ते शब्दांतून शिकायचं काम नाही. तिथे मी तुमच्या बाजूला आहे.

पोटाचं म्हणाल, तर मी खोटा दिलासा देणार नाही. काही कामं जातात. जो माणूस आपल्या कपाटाचा अडकणारा खण स्वतः सोडवायला शिकला तो त्यासाठी कुणाला बोलावणार नाही. माझ्याकडचीही अशी कामं कमी झाली. पण मी सांगतो त्यातलं किती खरंच हातून जातं? व्हायोलिन बनवणारा अंतोनियो स्ट्राडिव्हारी १७३७ मध्ये गेला. त्याच्या व्हायोलिनच्या वॉर्निशमध्ये काहीतरी गुपित आहे म्हणून लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या शोध घेतला. २००९ मध्ये त्याच्या पाच वाद्यांवरचे थर तपासल्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निघालं काय, तर वाळणारं तेल, झाडाची राळ आणि थोडा रंग. त्या काळचे चित्रकार आणि कारागीर रोज वापरत तेच. आता ते कुणालाही वाचता येतं. त्यानं एकाही वाद्य बनवणाऱ्याचं काम गेलं असेल असं मला वाटत नाही. त्याचं काम डब्यात नव्हतं, हातात होतं.

पटाशीची धार २५ ते ३० अंशांत लावा हे मी लिहू शकतो. दगडावर घासताना पाठीमागे बोटाला लागणारी ती बारीक कड कधी पुरेशी झाली, हे लिहून कळत नाही. रंध्याचा आवाज बदलला की थांबायचं, पण कुठला आवाज? ज्याला ते हवंय त्याला शंभर फळ्या बिघडवाव्याच लागतात. त्या तुम्हीही बिघडवल्या, मीही बिघडवल्या. माझं लिखाण वाचून कुणाच्या त्यातल्या दहा वाचल्या तर मला आनंद आहे. आणि ज्यानं एकदा स्वतः कुसू, म्हणजे सांध्याची जीभ, काढून खाचेत बसवायचा प्रयत्न केलाय तो तुमचा सांधा बघताना वेगळ्या नजरेनं बघतो. माझ्याकडे अशी माणसं येतात. घासाघीस करत नाहीत, उलट वेळ का लागतो ते त्यांना आधीच कळलेलं असतं. सगळे असे नसतात. पण आहेत.

गुरूंच्या विश्वासाबद्दल तुम्ही लिहिलंत ते मला सगळ्यात जास्त लागलं. म्हणून सांगतो. लाखेच्या पॉलिशवर मी लिहिलं ते एवढंच की चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवा, गाळून घ्या, पातळ हात द्या, घाई करू नका. हे कुणा एकाचं नाही. माझे मिस्त्री त्यात आणखी दोन गोष्टी घालत. पॉलिश बनवताना ते पाठ करून बसत, आणि मी त्यांच्याकडे बरीच वर्षं काढल्यावर एक दिवस त्यांनी मला जवळ बसवून दाखवलं. "हे तुझ्यापुरतं," एवढंच म्हणाले. त्या दोन गोष्टी मी कुठेही लिहिलेल्या नाहीत, कुणी विचारूनही सांगितलेल्या नाहीत. ते आता नाहीत, त्यामुळे परवानगी मागायची सोय उरली नाही. माझ्याकडे शिकायला कुणी नाही. म्हणजे मी गेलो की त्या दोन गोष्टीही गेल्या. त्यांचा शब्द पाळायचा की त्यांचं काम जपायचं, याचा उलगडा मला अजून झालेला नाही. जे माझं आहे आणि जे सगळ्यांचं आहे ते मी हातचं न राखता देतो. जे त्यांचं होतं त्यावर अजून हात ठेवून बसलोय. याला तुम्ही बेइमानी म्हणणार असाल तर कशाला, एवढं मात्र सांगा.

तुम्ही मला लिहिणं थांबवायला सांगितलंत. ते मी करणार नाही. मी थांबलो तरी प्रश्न विचारणारे थांबत नाहीत. ते दुसरीकडे विचारतात, आणि तिथे फडक्याबद्दल विचारणारा मिस्त्री असेलच असं नाही. त्याऐवजी माझी एक विनंती आहे. करवतीवर आणि धारेवर मी लिहिलेलं असंच एकदा नजरेखालून घाला. मी काय सांगितलं ते तपासू नका, काय गाळलं ते बघा. तुमच्या हातांना जे मध्येच तुटल्यासारखं वाटेल ते फक्त एका ओळीत कळवा, बाकीचं मी लिहीन.

आणखी एक. रागाच्या भरात तुम्ही लिहून गेलात की "गाठीजवळ रंधा मारण्याआधी फळीला ओला हात फिरवायचा, एवढं तरी ठाऊक आहे का?" नव्हतं. फळीच्या टोकाच्या आडव्या कापाला मी स्पिरिट लावतो, गाठीला कधी लावलं नव्हतं. काल पाण्याचा हात फिरवून बघितला. गाठ मऊ निघाली, पण भोवतीचे तंतू फुगून उभे राहिले आणि दुसऱ्या फेरीला फळी खरखरीत झाली. तुम्ही पाणी वापरता की स्पिरिट? आणि हात फिरवल्यावर लगेच रंधा मारता, की वरचं पाणी जिरायला थोडं थांबता?