‘शेवटी तो मरतोच की’ एवढ्याने भागत नाही

कोलंबियातला कोकेन-सम्राट पाब्लो एस्कोबार याच्यावरच्या टीव्ही मालिकांबद्दल कुणी आक्षेप घेतला, की तेच ते उत्तर पुन्हा फिरायला लागतं: ‘मालिका घडलं तेच दाखवतात. त्याने गरिबांना घरंही दिली. शेवटी तो मरतोच की. आणि मालिका बघून कुणी गुन्हेगार होत नाही.’

शेवटचा मुद्दा बऱ्याच अंशी मान्य. टीव्ही बघून कुणी कोकेनच्या धंद्यात उतरत नाही. पण माझा आक्षेप त्याच्या हातून मेलेल्या माणसांसाठी आहे.

घडलं तेच दाखवतात? २७ नोव्हेंबर १९८९ रोजी कोलंबियाची राजधानी बोगोटाहून काली शहराकडे निघालेलं आव्हियांका कंपनीचं विमान उड्डाणानंतर काही मिनिटांतच एस्कोबारच्या टोळीच्या बॉम्बने फुटलं. विमानातले १०७ आणि जमिनीवरचे ३ जण गेले. ज्याला मारायचं होतं तो राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार सेसार गाविरिया त्या विमानात नव्हताच. अशी घटना पडद्यावर येते तेव्हा बहुधा कट रचणाऱ्यांच्या खोलीतून येते: योजना, घालमेल, स्फोट. प्रवासी शेवटच्या क्षणी दिसतात, तेही चेहऱ्यापुरते. तारीख खरी, विमान खरं, तरी आपण श्वास रोखतो तो बॉम्ब फुटेल की नाही यासाठी. कॅमेरा कुणाच्या शेजारी बसवायचा हे इतिहास ठरवत नाही, लेखक-दिग्दर्शक ठरवतात.

घरं दिली, हे खरं. त्याच्या मेडेलिन शहरात मोराविया इथल्या कचऱ्याच्या डोंगरावर राहणाऱ्या कुटुंबांसाठी त्याने वस्ती उभारली. पण १९८२ साली तो संसदेत पर्यायी सदस्य म्हणून निवडून आला, हेही त्या घरांच्या शेजारी ठेवून बघा. शिवाय पोलीस मारला की पैसे, असा दर त्यानेच लावला आणि त्यासाठी पोरं उचलली ती अशाच गरीब वस्त्यांतून. १९९१ मध्ये एकट्या मेडेलिनमध्ये ६,०००हून जास्त खून झाले. त्यांत ही पोरंही होती. घरं मोजायची तर तीही मोजा.

शेवटी तो मरतो, हे तर सगळ्यांत तोकडं उत्तर. आधी कित्येक भाग विमानं, हवेली, खासगी प्राणिसंग्रहालय, नोटांच्या थप्प्या; मग २ डिसेंबर १९९३ची ती कौलं, जिथे पळताना तो गोळ्यांनी मेला, आणि मरणही त्याचंच. कोलंबियाचे न्यायमंत्री रोद्रिगो लारा बोनिया १९८४ मध्ये त्याच्या टोळीकडून मारले गेले. मालिकेत ते कथानकाला धक्का देण्यापुरते येतात.

वेगळा हेतू ठेवणारेही झाले. एस्कोबारवरच्या कोलंबियातल्या २०१२ च्या मालिकेचे एक निर्माते कामिलो कानो. त्यांचे वडील, ‘एल एस्पेक्तादोर’ या वृत्तपत्राचे संपादक गिएर्मो कानो यांना एस्कोबारच्या मारेकऱ्यांनी डिसेंबर १९८६ मध्ये कचेरीबाहेरच गोळ्या घातल्या होत्या. तरी मालिका चालू झाल्यावर मेडेलिनमध्ये मुलांसाठी तिच्या चित्रांचे अल्बम विकले गेले, त्यात एस्कोबारही होता. इतक्या जवळच्या माणसाच्या हातूनही मध्यभागी तोच राहिला.

यावर म्हणतात, खलनायकाशिवाय नाट्य कुठून आणणार? २ सप्टेंबर १९८९ रोजी याच ‘एल एस्पेक्तादोर’च्या इमारतीसमोर स्फोटकांनी भरलेला ट्रक उडवला. दुसऱ्या दिवशी अंक निघाला, पहिल्या पानावर मथळा होता, ‘आम्ही पुढे चालत आहोत’. त्या रात्री मोडक्या कचेरीत अंक कसा जुळवला, छापखाना कुणी सुरू केला, घरी जायला कोण तयार नव्हतं, यावर मला दहा भागांची मालिका बघायची आहे.