‘मराठीत हाडांना नावेच नाहीत’ या दाव्याविषयी

मोबाइलवरून वारंवार फिरणाऱ्या एका मजकुराचे म्हणणे असे की, शरीरात २०६ हाडे असताना मराठीत जेमतेम दहा-पंधरा हाडांना नावे आहेत, जी आहेत ती ढोबळ आणि गावठी आहेत, इंग्रजी नावे मात्र शास्त्रीय व अचूक असतात, आणि सांध्यांच्या प्रकारांची मराठी नावे तर शालेय पुस्तकांसाठी इंग्रजीवरून बेतलेली आहेत.

पहिला मुद्दा संख्येचा. २०६ हाडांना २०६ नावे इंग्रजीतही नाहीत. बरगड्या २४, तळहात आणि तळपाय यांतली लांबट हाडे २० आणि हातापायांच्या बोटांतली ५६, अशी १०० हाडे अवघ्या चार नावांत आटोपतात. पुढची ओळख क्रमांकाने होते. बोटांतल्या हाडांचे ‘फॅलँक्स’ हे नाव ग्रीक सैनिकांच्या दाट रांगेवरून आले; मराठीत बोटाला उसासारखे ‘पेर’ असते, आणि पेरांवर मोजणाऱ्या कोणालाही ते समजावून द्यावे लागत नाही. नावे नसल्याचा आरोप करायचाच, तर कमरेच्या दोन्ही बाजूंच्या रुंद हाडाला युरोपातल्या शरीररचनाशास्त्राने दीर्घकाळ ‘ऑस इनॉमिनाटम’, म्हणजे ‘नाव नसलेले हाड’, असेच म्हटले, हेही सांगायला हवे.

अचूकतेचा मुद्दा अधिक गमतीचा आहे. ज्यांना आपण शास्त्रीय नावे समजतो ती मुळात स्वयंपाकघरातली आणि परसातली आहेत: क्लॅव्हिकल (गळ्याखालचे आडवे हाड) म्हणजे लहान किल्ली, टिबिया (नडगीचे हाड) म्हणजे बासरी, पेल्व्हिस (कमरेचा हाडांचा घेर) म्हणजे पसरट भांडे, कॉक्सिक्स (माकडहाड) म्हणजे कोकिळा, आणि पटेला म्हणजे छोटी ताटली. गुडघ्याच्या त्याच हाडाला मराठी माणूस ‘वाटी’ म्हणतो, तेव्हा तो गावठी कसा ठरतो? ‘माकडहाड’ कोकिळेपेक्षा कमी शास्त्रीय का? शिवाय मनगटातले स्कॅफॉइड आणि पावलातले नॅव्हिक्युलर या दोन वेगळ्या हाडांच्या नावांचा अर्थ एकच, नावेसारखे. एक शब्द ग्रीक, दुसरा लॅटिन, एवढाच फरक. युरोपातही नावांचा गोंधळ इतका माजला होता की, १८९५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझल येथे शरीररचनातज्ज्ञांना एकत्र येऊन हजारो पर्यायी नावे रद्द करावी लागली. ‘खुब्याचे हाड मोडले’ म्हणताना बहुधा मांडीच्या हाडाचे वरचे टोक मोडलेले असते हे खरे, पण इंग्रजीतल्या ‘हिप फ्रॅक्चर’ची गोष्ट वेगळी नाही.

सांध्यांविषयीचे विधान सरळ चूक आहे. सुश्रुतसंहिता या प्राचीन आयुर्वेदग्रंथाच्या शारीरस्थानात, म्हणजे शरीररचनेच्या विभागात, सांध्यांचे आठ प्रकार दिले आहेत. त्यांपैकी ‘उलूखल’, म्हणजे उखळ, हा प्रकार काखेत आणि जांघेत, म्हणजे खांद्याला व खुब्याला, सांगितला आहे. आपल्या पाठ्यपुस्तकातला ‘उखळीचा सांधा’ तोच शब्द घेऊन येतो. कवटीच्या सांध्यांना तिथे ‘तुन्नसेवनी’, म्हणजे शिवण, म्हटले आहे, आणि त्यांचे इंग्रजी नाव ‘सूचर’ ज्यावरून आले त्या लॅटिन ‘सुतुरा’चा अर्थही शिवणच. (फिरणाऱ्या मजकुराला उत्तर म्हणून काही जण सुश्रुताने सांगितलेली ३०० हाडे नवजात बाळाच्या हाडांशी जुळवून दाखवतात, तेही टिकत नाही, ती मोजणी दात आणि कूर्चा (मऊ, लवचिक हाड) धरून केलेली आहे.)

दाव्यातला एक भाग मात्र मान्य करावा लागतो. मनगटातल्या आठ लहान हाडांना बोलीत वेगवेगळी नावे नाहीत, आणि कोपराखालच्या दोन हाडांसाठी घडवलेले ‘बहिःप्रकोष्ठास्थी’ व ‘अंतःप्रकोष्ठास्थी’ हे शब्द रुग्ण तर सोडाच, डॉक्टरही उच्चारत नाहीत. अशा ठिकाणी मी स्वतः ‘रेडिअस’ आणि ‘अल्ना’ असेच लिहितो, पहिले अंगठ्याच्या बाजूचे आणि दुसरे करंगळीच्या बाजूचे, एवढे एकदा सांगून पुढे जातो.