गुडघा म्हणजे बेअरिंग नव्हे, नाना

आमच्या भाऊबंदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नानांनी परवा एक लांबलचक मेसेज टाकला. वर 'साठी ओलांडलेल्यांनी जरूर वाचा', खाली कुणा 'मोठ्या हाडांच्या डॉक्टरां'चा हवाला, नाव मात्र नाही. त्याच आठवड्यात तीन पेशंटांनी मोबाइल पुढे करून तोच मेसेज मला दाखवला. मी जळगाव जिल्ह्यात फिजिओथेरपी करतो. ग्रुपवर सगळ्यांदेखत नानांना खोडून काढणं बरं दिसत नाही, म्हणून इथे लिहितोय.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: गुडघा बेअरिंगसारखा झिजतो, तेव्हा साठीनंतर चालणं निम्मं करा आणि जिना बंद करा. म्हातारपणी स्नायू वाढत नाहीत, व्यायाम वाया जातो. हाडं ठिसूळ असतील तर पाण्याची बादलीसुद्धा उचलू नका. जन्मभर शेतात राबलेल्यांचा व्यायाम होऊन गेलेला असतो. आणि शेवटी, कॅल्शियमची गोळी नि सकाळचं कोवळं ऊन, एवढ्यावर हाडं टिकतात.

आधी बेअरिंग. बेअरिंग हे लोखंड आहे, त्याला ग्रीस बाहेरून द्यावं लागतं. गुडघ्यातल्या कुर्चेत, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत गादीत, रक्तवाहिन्या नसतात. तिला पोसणारं पाणी सांध्यातच असतं. पाऊल टेकलं की कुर्चा दाबली जाते, उचललं की मोकळी होते, आणि स्पंजासारखं ते पाणी आत-बाहेर होतं. बसून राहणाऱ्याच्या गुडघ्याला ही खुराकच मिळत नाही. शिवाय मांडीचे स्नायू ढिले पडले की शरीराचा भार नीट पेलला जात नाही आणि दुखणं वाढतं. म्हणूनच गुडघेदुखीवरच्या पहिल्या उपायांत आज व्यायाम धरला जातो. गुडघा सुजलाय, हाताला गरम लागतोय, तर चार दिवस जरूर दमानं घ्या. पण चार दिवस वेगळे आणि उरलेलं आयुष्य वेगळं. (मुक्ताईच्या पालखीबरोबर मुक्ताईनगरहून पंढरपूरपर्यंत महिनाभर चालणारी म्हातारी माणसं मी पुरावा म्हणून मांडणार नाही. ज्यांना चालवतं तेच वारीला जातात, असं नाना लगेच म्हणतील आणि ते खरंही आहे.)

'म्हातारपणी स्नायू वाढत नाहीत' हे वाक्य सगळ्यात जास्त नुकसान करतं, कारण ते ऐकायला शहाणपणाचं वाटतं. १९९० साली अमेरिकेत बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त माणसांना मांडीच्या स्नायूंसाठी वजनाचा व्यायाम दिला गेला. हलका नव्हे, चांगला कस लागेल असा. आठ आठवडे तो पुरा करणाऱ्या नऊ जणांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळपास पावणेतीन पट झाली. दोघांची काठी सुटली. दहा म्हणजे मूठभर माणसं, हे मान्य. म्हणून १९९४ साली तेच शंभर जणांवर करून पाहिलं, सरासरी वय ८७. दहा आठवडे व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीच्या वर गेली. ज्यांना नुसतं पौष्टिक पेय दिलं होतं, व्यायाम नव्हता, त्यांना मात्र ताकदीत फायदा झाला नाही. मुलगा पुण्याहून पावडरचा डबा पाठवतो आणि आई तो पिऊन दिवसभर सिरियल बघते, त्या घरांना माझं हे सांगणं असतं. प्रथिनं हवीतच, उडदाचं वरण, दूध, अंडं काहीही चालेल. पण खात्यात पैसे टाकून काम सुरूच केलं नाही, तर बांधकाम कसं उभं राहणार?

उलट बाजूही बघा. सरासरी ६७ वर्षांच्या धडधाकट लोकांना दहा दिवस अंथरुणात ठेवून एका अभ्यासात मोजलं, तर पायांचं सुमारे एक किलो मांस गेलं. दहा दिवसांत. 'सून सगळं हातात देते, बसल्या जागेवर' हे आपल्याकडे कौतुकानं सांगतात.

आता शेतात राबण्याचं. माझी मावशी रावेर तालुक्यातली. तिनं केळीच्या बागेत जन्म काढला, कापूस वेचला, उन्हाळ्यात शिडीनं घराच्या मातीच्या धाब्यावर चढून बिबडे (ज्वारीचे पापड) वाळत घातले, कानबाईच्या सणाच्या रोटांसाठी जात्यावर दळलं. आज घर स्लॅबचं आहे, पाणी मोटरनं येतं, बिबडे विकत येतात. गेल्या दिवाळीत भेटली तेव्हा म्हणाली, "मना गुडघा दुखतस भाऊ, आते बठी ऱ्हास नुसती." (गुडघा दुखतो, आता नुसती बसून असते.) आयुष्यभराच्या कष्टाची ठेव शरीर व्याजासकट परत देतं, असं आपण धरून चालतो. शरीराकडे असली बँक नाही. अंतराळवीर म्हणजे निवडून, पारखून घेतलेली माणसं. वजनरहित अवस्थेत त्यांच्या खुब्याचं हाड दर महिन्याला एक-दीड टक्का घटतं. हाडावर भार आला तर ते घट्ट राहतं, भार गेला तर शरीर ते काढून घेतं. हा हिशोब जुन्या नोंदी बघत नाही.

आणि आजही जे शेतात जातात त्यांचं? निंदणी, वेचणी हे कष्ट आहेत, त्याबद्दल दुमत नाही. पण दिवसभर कमरेत वाकून एकाच पद्धतीनं केलेलं काम म्हणजे तोल, मांड्या आणि पाठ या सगळ्यांचा व्यायाम नव्हे.

'वजन उचलू नका' यात मात्र सत्याचा एक तुकडा आहे, तो आधी देऊन टाकतो. मणका आधीच दबलेला असेल तर पुढे वाकून, झटक्यानं काही उचलणं धोक्याचं आहे. पण त्यावरून 'बादलीसुद्धा नको' हा निष्कर्ष निघत नाही. ऑस्ट्रेलियात पाळी गेलेल्या, हाडांची घनता कमी झालेल्या १०१ बायकांवर एक चाचणी झाली. निकाल २०१८ मध्ये आला. एका गटानं आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली चक्क जड वजनं उचलली. आठ महिन्यांनी त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता २.९ टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटाची १.२ टक्क्यांनी घटली. वजनामुळे कुणाचं हाड मोडलं नाही. देखरेख हा शब्द मात्र विसरू नका. हे वाचून उद्या कुणी धान्याचं पोतं उचलायला गेलं तर ती जबाबदारी माझी नाही.

यातच एक कडू गोष्ट: नुसत्या चालण्यानं हाडांची घनता फारशी वाढत नाही. हृदयाला, साखरेला चालणं उत्तम. पण जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं हालचालीबरोबर दोन दिवस ताकदीचा आणि तीन दिवस तोलाचा व्यायाम सांगते, ते उगीच नाही. म्हातारपणी हाड बहुतेक वेळा पडल्यामुळे मोडतं, आणि व्यायामानं पडण्याचं प्रमाण जवळपास चौथाईनं कमी होतं.

गोळी आणि ऊन यांवर फार लिहीत नाही. डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर घ्या. पण गोळी म्हणजे विटा, भार म्हणजे गवंडी. सातपुड्याकडची नागली (नाचणी) आणि तीळ यांतही भरपूर कॅल्शियम आहे. कोवळ्या उन्हात ड जीवनसत्त्व बनवणारे किरण जवळजवळ नसतात. त्यासाठी ऊन थोडं वर यावं लागतं, आणि डोक्यावरून पदर घेऊन ओसरीत बसलं तर तेही पोचत नाही. वैशाखात भुसावळच्या दुपारी बाहेर बसा, असं मात्र मी मुळीच म्हणत नाही.

एवढं लिहून झाल्यावर न राहवून नानांना फोन केला. म्हटलं, हात छातीशी बांधून खुर्चीवरून उठा-बसा, अर्ध्या मिनिटात किती होतात मोजा. तुमच्या वयाला बारा तरी व्हायला हवेत. फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला, मग कुरकुर, मग काकूंचा ओरडा. परत आले तेव्हा धापा टाकत होते.

"सात. पण ही प्लास्टिकची खुर्ची सरकते रे."

"मग भिंतीला टेकवून ठेवा. परवा परत मोजू."